मी न केलेल्या नऊ सहली

आत्ताच सांगते, कारण आत्ता नाही सांगितलं तर संध्याकाळपर्यंत हे निवून जाईल आणि मग मी उगाच शहाण्यासारखं काहीतरी लिहीन. समोर ऑफिसचं काम पडलंय, पडू दे. की-बोर्डवर हात ठेवला की माझी बोटं आपोआप पळतात. तंजावरची आहे मी, आमच्याकडे दहावी झाली की मुलीला टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये घालतात, तो सतरावा संस्कारच. लोअर झालं, हायर झालं, मगच मुलगी घराबाहेर पडायला लायक. तर ऐका.

दुपारी डबे उघडले होते. आमच्या सेक्शनमधले एक जण आहेत, चाळिशीचे, सात वर्षांच्या मुलीचे बाबा. ते म्हणाले, पोरीला निबंध लिहिता येत नाही हो, 'माझी शाळा' म्हणून दिलं तर दोन ओळी लिहून पेन्सिल चावत बसते. तुम्ही एवढं लिहिता, काहीतरी उपाय सांगा. आणि माझ्या तोंडून, घास तोंडात असतानाच, निघून गेलं: "तिला फिरायला न्या. दर रविवारी. एकटीला."

ते खूश झाले. म्हणाले, हे बरंय, ह्याच रविवारी सिंहगड.

आणि मला त्या मुलीचा इतका राग आला. मी तिला बघितलेलंही नाही. ती सात वर्षांची आहे आणि मी बावीस. उरलेली भाजी तशीच राहिली डब्यात. रविवारी तिचे बाबा तिला गडावर नेणार, तिच्यासाठी भजी घेणार, तिच्या बुटाची लेस बांधायला खाली बसणार, आणि हे सगळं का, तर तिला लिहिता येत नाही म्हणून. मला लिहिता येत होतं. तेच माझं नडलं.

पुण्यातला डिसेंबर कोरडा असतो, ओठ फुटतात, आकाश नुसतं निळं. मला अजून तो डिसेंबर वाटत नाही. आमचा डिसेंबर ओला. मार्गळी महिना, पहाटे दारोदार कोलम, म्हणजे पिठाची रांगोळी, कोलमच्या मधोमध शेणाचा गोळा आणि त्यात खोचलेलं भोपळ्याचं पिवळं फूल, आणि वरून बारीक पाऊस, जो पडतोय की नुसता हवेत उभा आहे ते कळत नाही. युनिफॉर्म वाळायचे नाहीत. आई इस्त्री फिरवायची आणि कपड्यातून वाफ निघायची, तो गरम ओल्या सुताचा वास म्हणजे माझ्यासाठी हाफ-इयर्ली परीक्षा. पेपरसुद्धा सर्दाळलेले असायचे. शाई फुटायची. पहाटे देवळातल्या लाउडस्पीकरनं जाग यायची, आणि चिन्नी तेव्हा माझ्या पायावर पाय टाकून झोपलेली असायची, जगात कसलीही परीक्षा नसल्यासारखी.

चिन्नी माझी धाकटी बहीण. खरं नाव वेगळं आहे, पण चिन्नी म्हणजे तमिळमध्ये छोटी, आणि आमच्या घरातलं मराठी असंच आहे, अर्धं भांड्यात अर्धं ताटात. पुण्यात लोक मला हसतात, मी 'कुठे' न म्हणता 'कोठे' म्हणते म्हणून. हसू देत. देवनागरी मी हिंदीच्या क्लासात शिकले. अप्पांना ती वाचता येत नाही, चिन्नीला तर नाहीच, म्हणून हे सगळं मी इथे बिनधास्त लिहू शकते.

त्या वर्षी चिन्नी तिसरीत होती, मी सातवीत. नव्वदीच्या मध्यावरचं कोठलंतरी साल. आमच्या गल्लीत गच्च्यांवरून केबलच्या काळ्या वायरी नुकत्याच गेल्या होत्या, कोपऱ्यावर पिवळ्या बोर्डाचा एसटीडी बूथ आला होता, आणि अप्पांनी आम्हा दोघींना जुन्या शाळेतून काढून नव्या इंग्लिश मीडियममध्ये घातलं होतं. अप्पा ओरत्तनाडूच्या सरकारी ऑफिसात कारकून. रोज बसनं जाऊन येऊन. ते पेपर वाचून झाला की घडी घालता घालता म्हणायचे, "सरकारी नोकरी माझ्यापावेतो होती. ह्यापुढे कंपन्या. कंपनीत कोणी हात धरून नेत नाही, आपण लिहून दाखवायचं, आपण बोलून दाखवायचं." आमच्या घराण्यात तंजावरच्या मराठी राजाच्या वेळेपासून सगळे कोणाच्या ना कोणाच्या कचेरीत. कचेरीच नाही असा दिवस आला तर काय, ह्या धास्तीनं अप्पांची झोप उडाली होती.

त्यात चिन्नीच्या मिसनं बोलावणं पाठवलं. तिमाहीच्या पेपरात कॉम्पोझिशन होतं, 'माय मदर'. चिन्नीनं वर 'माय मदर' लिहिलं होतं, पट्टीनं खाली दोन रेघा मारल्या होत्या, आणि पुढे कोरं. पानभर कोरं. मिस म्हणाल्या, हाफ-इयर्लीलाही हे असंच झालं तर आम्ही हिला पुन्हा दुसरीत बसवू.

अप्पा घरी येऊन झोपाळ्यावर बसले आणि झोपाळा हलवलाच नाही. आमच्या घरात झोपाळा हलला नाही म्हणजे काहीतरी वाईट.

आई आतून म्हणाली, "माझ्याविषयी लिहायला एक ओळ मिळाली नाही होय तिला? शेजारच्या मामीला तर आपल्या घरातलं कालचं भांडण सगळं सांगून आली. मीठ जास्त पडलेलं सुद्धा."

"बोलणं वेगळं," अप्पा म्हणाले. "आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येईल? हिनं बघितलंय काय? घर, शाळा, घर. आधी आड भरायला हवा."

आणि त्यांनी ठरवलं. दर रविवारी ते चिन्नीला कोठेतरी नेणार. जवळच, बसनं, रेल्वेनं. बघायचं आणि येऊन लिहायचं.

मला अजून आठवतं मी किती चटकन उभी राहिले. म्हटलं, "कधी निघायचं अप्पा? कोणता फ्रॉक घालू?"

"तू कायला?" ते म्हणाले. रागानं नाही. अगदी कौतुकानं, माझ्या वेणीला हात लावून. "तुला काय गरज? तू न बघताच लिहितेस."

ही मला आयुष्यात मिळालेली पहिली मोठी शाबासकी, आणि ती मी कोणालाही फुकट देऊन टाकीन. तेव्हाही टाकली असती.

आता अप्पांची रीत सांगते. ते घरसुद्धा ऑफिससारखं चालवायचे. वाण्याची यादी लिहिली तर वर 'विषय' लिहायचे. तर ह्या सहलींना त्यांनी नाव दिलं इन्स्पेक्शन. रविवारी इन्स्पेक्शन, सोमवारी सकाळपर्यंत रिपोर्ट. त्यासाठी चिन्नीला वेगळी वही, चाळीस पानी, खाकी कव्हर, वर तिचं नाव अप्पांच्या वळणदार अक्षरात. रिपोर्ट झाला की अप्पा तो वाचणार आणि समासात इंग्लिशमध्ये 'सीन', म्हणजे पाहिलं, असं लिहून खाली त्यांची सही ठोकणार, छोटी, जशी ते ऑफिसच्या फायलींवर करायचे. माझ्या वह्यांवर आई सही करायची, पोळपाटापुढून उठून, पिठाच्या बोटांनी, न वाचता. मला ती 'सीन' हवी होती. इतकी हवी होती की मी माझ्या गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर त्यांच्या सहीची प्रॅक्टिस केली होती. जमायचीही. पण आपली आपण केलेली सही म्हणजे आपणच आपल्या पाठीवर हात फिरवणं, हात पोचत नाही.

पहिला रविवार तिरुवैयारू. सकाळी आईनं चिन्नीचे केस विंचरून दोन वेण्या घातल्या, अप्पांनी छत्री घेतली, आणि दोघं निघाली. मी गजाच्या दारात. ती वळून टाटा करत होती, मी हात वर केला नाही. मग आईनं माझ्यासमोर तांदळाचं सूप ठेवलं. मी खडे निवडत होते आणि मनात बसमध्ये बसले होते.

दोन वाजता आली दोघं. चिन्नीच्या हाताला तुपाचा वास येत होता. मी तिचा हात धरून हुंगला, हो, हुंगला, त्यात काय लपवायचं. अशोका हलवा. तिरुवैयारूचा, मुगाचा, केशरी, घशाखाली आपोआप उतरणारा. आमच्यासाठी पुडीत आणला होता, पण केळीच्या पानावर गरम खाल्लेला तो वेगळा आणि घरी गार होऊन आलेला तो वेगळा.

अप्पा आडवे झाले. चिन्नी वही घेऊन बसली. 'अ व्हिजिट टू तिरुवैयारू'. खाली दोन रेघा. मग तिनं 'वुई वेंट' लिहिलं आणि खोडलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. खोडरबराचा चुरा तिच्या मांडीवर जमत गेला. अप्पांनी आतून विचारलं, "काय काय बघितलंस ते लिही." ती म्हणाली, "बघितलं." बस, तेवढंच. तिच्या डोळ्यांत पाणी भरलं होतं, पण ती रडणारी नव्हती. नुसती कोऱ्या पानाकडे बघत बसायची, जसं काही ते पान तिला काही म्हणेल.

मला तिची दया आली म्हणून मी मदत केली, असं मी पुढे आईला सांगितलं. खोटं. मला सगळं ऐकायचं होतं. मी तिला माजघरात ओढली, गार फरशीवर पालथी पडले आणि पोलिसासारखी सुरू झाले.

"बसमध्ये कोठे बसलीस?"

"अप्पांच्या बाजूला."

"खिडकी कोणाला?"

"मला. मग ऊन आलं, मग अप्पांना."

"अप्पा काय बोलले?"

"पुष्कळ."

"पुष्कळ म्हणजे काय गं, एक एक सांग."

आणि ती सांगायला लागली. लिहिताना जी मुकी, ती बोलायला लागली की तिला थांबवावं लागायचं. घाटाच्या पायऱ्यांवर एक बाई पितळी तांब्या चिंचेनं घासत होती. एका म्हाताऱ्यानं पाण्यात बुडी मारली आणि इतका वेळ वर आला नाही की चिन्नीनं मोजायला सुरुवात केली. देवळाच्या दारातला हलवाई तूप ओतताना डोळे मिटायचा. तिनं सांगायचं आणि मी रफ कागदावर इंग्लिशमध्ये लिहायचं, आणि मग तिनं तिच्या गोल गोल अक्षरात वहीत उतरवायचं. वीस मिनिटं. ती जीभ बाहेर काढून उतरवत होती. मधेच म्हणाली, "अक्का, अप्पांना सांगू नको हां. नाहीतर मला नेणार नाहीत."

तिला लिहायचं नव्हतंच कधी. तिला जायचं होतं. मलाही जायचंच होतं. आमच्या दोघींच्यात एवढं एकच सारखं होतं त्या वर्षी.

सोमवारी सकाळी अप्पांनी वही हातात घेतली, झोपाळ्यावर बसले, आणि मोठ्यानं वाचायला लागले. आईला इंग्लिश कळायचं नाही म्हणून एक एक ओळ मराठीत सांगत. झोपाळा हलत होता. तूप ओतणारा, डोळे मिटणारा हलवाई आला तेव्हा ते थांबले आणि म्हणाले, "बघ. बघ हिनं काय टिपलंय. मी बाजूला उभा होतो, मला दिसलं नाही." आणि चिन्नीच्या डोक्यावर हात. चिन्नी खाली बघत होती. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी, माझी ओळ त्यांच्या आवाजात ऐकत. किती छान वाचत होते माहीत आहे का. आपलं लिहिलेलं आपल्या वडिलांच्या आवाजात ऐकायचं आणि त्यांचा हात दुसरीच्याच डोक्यावर बघायचा.

'सीन'. सही. तारीख.

पुढे सांगायला नकोच, तुम्हाला कळलं असेल. रिपोर्ट जितका चांगला, तितका अप्पांचा विश्वास वाढणार, तितकी पुढची सहल लांबची. मी माझ्याच हातानं चिन्नीला लांब लांब पाठवत होते. वाईट लिहिलं असतं तर सगळं थांबलं असतं, हे कळत होतं मला, बारा वर्षांची होते, बावळट नव्हते. पण वाईट लिहिणं जमेना. उलट मी जास्तच चांगलं लिहायला लागले. मला वाटायचं, इतकं चांगलं लिहावं की अप्पांना शंका आलीच पाहिजे. तिसरीतल्या मुलीच्या वहीत मी 'मॅग्निफिसंट' घातलं. अप्पांनी तो शब्द दोनदा वाचला आणि नाक पुसलं.

आईनं मात्र पोळी लाटता लाटता विचारलं, "हा शब्द हिनं कोठून आणला? तिरुवैयारूत मिळतो काय पावशेरानं?"

"वाचते ती," अप्पा म्हणाले.

"होय होय. डोळे मिटून वाचते," आई म्हणाली आणि माझ्याकडे बघितलं. फक्त बघितलं. आईला पहिल्या दिवसापासून माहीत होतं असं मला आता वाटतं. ती का गप्प बसली ते मी तिला अजून विचारलेलं नाही.

सगळ्यात वाईट रविवार ओरत्तनाडूचा. तिथे राणीच्या नावाची जुनी मोठी धर्मशाळा आहे, तिचे कोरीव खांब दाखवायला म्हणून गेले, ठीक आहे, खांब बघू देत. पण परतताना अप्पांनी चिन्नीला त्यांच्या ऑफिसात नेलं. रविवारी बंद असतं, वॉचमननं उघडून दिलं. तिला त्यांच्या खुर्चीवर बसवलं. टेबलावरची काच दाखवली, काचेखाली आमच्या दोघींचा फोटो आहे म्हणे. चिन्नी सांगत होती, फायलींना लाल नाडी असते, अप्पांच्या खुर्चीच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी आहे, वॉचमननं गोळी सोडा आणून दिला. मला लिहवेना. कळायला लागल्यापासून मी रोज संध्याकाळी त्या ऑफिसातून येणाऱ्या माणसाची पिशवी हातात घेत होते आणि त्या खुर्चीखाली पुठ्ठा आहे हे मला माहीत नव्हतं.

त्या दिवशी मी चिन्नीला चिमटा काढला. कारण काहीच नव्हतं. ती "आ" म्हणाली आणि दंड चोळत पुन्हा सांगायला लागली, वॉचमनला मिशा होत्या.

आणि त्याच आठवड्यात मी ते केलं. रिपोर्टमध्ये एक ओळ घातली: 'माझी मोठी बहीणही आमच्याबरोबर होती. ती खिडकीपाशी बसली आणि वडिलांनी तिला सगळी नावं सांगितली.' चिन्नी न वाचताच उतरवायची. तिनं तेही उतरवलं.

सोमवारी अप्पा वाचत आले, वाचत आले, आणि त्या ओळीवर थांबले. मी दारात. मला वाटलं आता ते वर बघतील. त्यांनी वर बघितलं. माझ्याकडेच बघितलं. आणि हसले.

"बघ गं रमा," म्हणाले, "हिला वाटतं तू पण होतीस. आता कल्पना सुद्धा करायला लागली की पोर."

'सीन'. सही.

मी परसात जाऊन नळ उघडा सोडला आणि त्याच्या आवाजात रडले. आजही लिहिताना मान गरम होते. मी माझ्या बापाच्या बाजूला बसण्यासाठी स्वतःला चोरून आत घातलं, आणि त्याचंही श्रेय तिला.

अशा नऊ सहली झाल्या. मग मार्गळी आला. हाफ-इयर्ली आली. इंग्लिशच्या दिवशी अप्पांनी चिन्नीच्या खिशात दोन पेन्सिली घातल्या आणि म्हणाले, आता काय भीती, आड तुडुंब आहे.

विषय आला होता, 'मी भेट दिलेलं ठिकाण'. अगदी आमचाच. चिन्नी घरी आली, दप्तर ठेवलं, म्हणाली, "लिहिलं." मला आठवतं मी सुटले असं वाटलं, आणि सुटू नये असंही. तिला जमलं तर मग माझी गरजच नाही, आणि तिला जमलं तर मग सगळं तिचंच.

पेपर तपासून झाल्यावर मिसनं पुन्हा बोलावलं. अप्पा ती खाकी वही घेऊन गेले. मिसना दाखवायला. नऊ रिपोर्ट, नऊ 'सीन'. इतके ताठ चालत गेले शाळेत, मी माझ्या वर्गाच्या खिडकीतून बघितलं. आणि परत जाताना वही त्यांनी छत्रीसारखी काखेत धरली होती, पाऊस नसताना मान खाली.

संध्याकाळी त्यांनी झोपाळ्यावर दोन गोष्टी ठेवल्या. एक वही, एक चिन्नीचा पेपर. दहापैकी दोन. चार ओळी होत्या. ते इंग्लिश कसंबसं होतं, पण मी तुम्हाला आपल्या भाषेत सांगते, पाठ आहे मला:

'अप्पा पुलावर बोलत नाहीत. पूल संपला की बोलतात. जिथे थांबले होते तिथूनच बोलतात. मी नदी बघत नाही, अप्पांना बघते.'

बस.

अप्पांनी विचारलं, "मी पुलावर बोलत नाही?"

"लग्न झाल्यापासून बघत्ये," आई म्हणाली. "तुमच्या वडलांची सवय ती. नदी ओलांडून होईपावेतो तोंड उघडायचं नाही, मनात नमस्कार करायचा. तुम्हाला आठवत पण नाही, पण करता."

मला माहीत नव्हतं. कसं माहीत असणार. आमच्याकडे बसमध्ये बायका एका बाजूला बसतात, सगळी मिळून कोठे गेलो तर मी आईजवळ, अप्पा मागे पुरुषांत. तिरुवैयारूच्या वाटेवर पाच नद्या, पाच पूल. म्हणजे ते पाच वेळा वाक्याच्या मधोमध थांबले असणार आणि पाच वेळा तिथूनच पुढे सुरू झाले असणार, आणि चिन्नी त्यांच्या तोंडाकडे बघत बसली असणार. आणि मी तिला नऊ वेळा विचारलं, अप्पा काय बोलले, अप्पा काय बोलले. कधी बोलले नाहीत, हे विचारायचं मला सुचलं नाही.

मी तांब्या, तूप, खांब, फायली, सगळं लिहिलं. 'मॅग्निफिसंट' लिहिलं. आणि त्या चार ओळी बघून मला पहिल्यांदा खरी असूया काय ते कळलं. तोपर्यंतची नुसती हलव्याची होती.

अप्पांनी वही उघडून मला विचारलं, "हे नऊ रिपोर्ट तुझे?"

"हो."

"न गेलेल्या जागेचा रिपोर्ट देणं म्हणजे ऑफिसात सस्पेन्शन असतं, माहीत आहे?"

चिन्नी झोपाळ्याच्या कडीला लोंबकळत होती. ते बराच वेळ पानं उलटत राहिले. त्या ओळीपाशी आले, मोठी बहीण खिडकीपाशी बसली त्या. ह्या वेळी मनातल्या मनात वाचली. मग वर न बघता विचारलं, "तुला यायचं होतं?"

आणि काय सांगू तुम्हाला. इतके महिने ज्याची वाट बघितली, तो प्रश्न समोर आला, आणि मी म्हटलं, "नाही."

आतून आईचा आवाज आला, "नाही म्हणत्ये ना. मग न्या तिला."

दुसऱ्या दिवशी अप्पा एकटेच शाळेत गेले, मिसना सगळं खरं सांगितलं, वार्षिक परीक्षेपर्यंतची मुदत मागून घेतली. त्यानंतर रिपोर्ट बंद झाले. सहली मात्र चालूच राहिल्या, आता नुसत्याच, लिहायची कटकट नाही. वार्षिकला चिन्नीनं पुन्हा थोड्याच ओळी लिहिल्या, जेमतेम सुटली, चौथीत गेली, मग पाचवीत, जगातल्या सगळ्या मुली जातात तशी. आता तिरुच्चीला शिकते. माझ्याहून जास्त मार्क. आणि ऐका, गेल्या वर्षी घरी गेले तेव्हा अप्पांच्या कपाटात एक फाइल दिसली, लाल नाडीची, आत घराचे कागद, आणि त्या कागदांबरोबर तो पेपर. दहापैकी दोन. मी आईला विचारलं, ती खाकी वही कोठे आहे? आई म्हणाली, अगो, ती केव्हाच रद्दीत गेली असेल.

मी म्हटलं, असू दे. नुसतं म्हटलं.

पण माझी सहल झाली. हे सांगायचं राहिलंच. पोंगल झाला, भाताची कापणी चालली होती, आणि एका रविवारी अप्पा मला पापनाशमला घेऊन गेले. एकटीला. रेल्वेनं, म्हणजे बायकांची बाजू वगैरे काही नाही, बाकावर शेजारी शेजारी. सकाळी निघालो, संध्याकाळी चारला आलो. निघताना मी दारात वळून बघितलं, चिन्नी रडत असेल म्हणून. ती कोलमच्या रांगोळीत मांजराला चालवत होती. तिनं निदान जळावं एवढी तरी माझी अपेक्षा होती.

परत आलो तर धावत आली. फरशीवर माझ्याजवळ पालथी पडली, हनुवटी हातांवर. "सांग अक्का. कोठे बसलीस? खिडकी कोणाला? काय काय बघितलंत? अप्पा काय बोलले?"

तिनं मला नऊच्या नऊ सहली सांगितल्या होत्या. मिशांपर्यंत, पुठ्ठ्यापर्यंत. काही मागे ठेवलं नव्हतं. चिमटा काढला तरी थांबली नव्हती.

मी म्हटलं, "डोकं दुखतंय, जा."

ती थोडा वेळ तशीच पडून राहिली. मग उठून गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं, मी पुन्हा काहीतरी म्हटलं. तिसऱ्या दिवशी विचारलं नाही. दहा वर्षं झाली. परवा फोनवर ती म्हणाली, इकडे तीन दिवस पाऊस थांबला नाही, अप्पा बरे आहेत, तू कधी येतेस. एवढंच बोलते ती. मला वाटलं आत्ता सांगावं, ऐक चिन्नी, पापनाशमच्या गाडीत असं झालं. तोंडापर्यंत आलं आणि मी म्हटलं, ठेवते, बिल वाढतंय.

लिहिलीही नाही मी ती सहल कधी. न बघितलेल्या नऊ लिहिल्या, बघितलेली एक नाही. आत्ताही सगळं धडाधडा टाइप केलं, तुम्हाला नळाखालचं रडणंसुद्धा सांगून टाकलं, आणि त्या गाडीपाशी आल्यावर बोटं थांबली बघा. अप्पा काय बोलले, कोठे गप्प झाले, नाही सांगत. ती माझी आहे. तिला नाही दिली तर तुम्हाला कशी देऊ.

मला माहीत आहे हे चांगलं नाही. आठ वर्षांच्या मुलीनं जे मागितलं ते अगदी थोडं होतं, आणि तिनं आधी भरभरून दिलेलं होतं. पण खरं सांगा, तुमच्याकडे नाही का असा एक दिवस, आईबरोबरचा, बाबांबरोबरचा, जो तुम्ही सख्ख्या बहिणीला, सख्ख्या भावाला अजून दिलेला नाही? आणि विचारलं त्यांनी तर आज द्याल?